कॅच लावला, तरी तीच ओळ धो-धो का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी निपाणीची, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. घरचं दूध डेअरीला जातं, म्हणून लॅबच्या प्रोजेक्टसाठी तिने जावामध्ये दूध-संकलनाचा छोटा प्रोग्रॅम केला. सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट विचारायचं, रक्कम काढायची. आकड्याच्या जागी कुणी अक्षर टाकलं तर प्रोग्रॅम पडू नये म्हणून तिने ट्राय-कॅच लावला, म्हणजे ट्रायमध्ये अडचण आली की काम कॅचकडे जातं. आता प्रोग्रॅम पडत नाही, पण ‘चुकीचा आकडा, पुन्हा टाका’ ही ओळ स्क्रीनवर थांबतच नाही, खिडकीच बंद करावी लागते. शेवटी तिने विचारलंय, “सर, एक्सेप्शनची व्याख्या पाठ आहे, पण ट्राय नेमका कुठं लावायचा ते कळत नाही. सगळा मेनच ट्रायमध्ये घातला तर चालतंय काय?” (एक्सेप्शन म्हणजे प्रोग्रॅम चालताना आलेल्या अडचणीची जावाने दिलेली खबर, आणि मेन म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो भाग.)

वय लिहिलं आहेस म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नकोस. मीही खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला. व्याख्या मलाही पाठ होती. पहिली तीन वर्षं नोकरीत काढल्यावर तिचा अर्थ कळला, आणि तोही एका डेअरीतच. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी तुझा धबधबा बंद करू.

तू स्कॅनरचं, म्हणजे टाइप केलेलं वाचणाऱ्या जावाच्या साधनाचं, नेक्स्टइंट वापरतेस. स्कॅनर काय करतो, तर टाइप केलेला मजकूर आधी स्वतःजवळ साठवतो आणि मग त्यातला पहिला तुकडा उचलून तो पूर्णांक होतो का ते बघतो. कुणी ‘दहा’ असं अक्षरात लिहिलं तर पूर्णांक होत नाही, म्हणून तो इनपुट-मिसमॅच-एक्सेप्शन फेकतो. पण तो तुकडा तो गिळत नाही, जिथे होता तिथेच ठेवतो. डेअरीच्या रांगेत पहिल्याच माणसाचं दूध नासलेलं निघालं. तू ‘हे चालत नाही, पुढचा या’ म्हणालीस, पण त्याला बाजूला केलंच नाहीस. पुढचा म्हणून परत तोच, तीच किटली घेऊन उभा. तुझ्या लूपचं, म्हणजे परत परत चालणाऱ्या भागाचं, हेच झालंय. कॅचने ओळ छापली, लूप वर गेला, नेक्स्टइंटने पुन्हा तोच ‘दहा’ बघितला, पुन्हा फेकला. तुझ्या टायपिंगची वाट बघायला तो थांबतच नाही, कारण त्याच्याजवळ मजकूर आधीच पडून आहे. हा काही स्कॅनरमधला दोष नव्हे. जावाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की तुकडा मुद्दाम ठेवला जातो, म्हणजे तुम्हाला तो दुसऱ्या पद्धतीने वाचता किंवा टाकून देता यावा.

तर सगळ्यात छोटा उपाय म्हणजे कॅचच्या आत संदेश छापल्यावर ओळ संपेपर्यंतचं सगळं वाचणारं स्कॅनरचं नेक्स्टलाइन एकदा बोलवायचं आणि मिळेल ते टाकून द्यायचं. वाईट किटली बाजूला झाली, रांग पुढे सरकली.

मी स्वतः मात्र हा मार्ग घेत नाही. मी दर वेळी नेक्स्टलाइनने अख्खी ओळच वाचतो, ट्रिम करतो, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढतो, आणि मग पार्सइंटने पूर्णांक किंवा पार्सडबलने दशांशाचा आकडा करतो. ओळ वाचली तेव्हाच ती स्कॅनरमधून निघून गेलेली असते, त्यामुळे चुकीची असली तरी परत समोर येत नाही. नेक्स्टइंटनंतर नेक्स्टलाइन केलं की नाव रिकामं येतं, हा जो तुमच्या लॅबमधला कायमचा रडगाणा आहे, तोही जातो. यात चुकीच्या आकड्याला नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन येतं, तेव्हा कॅचमध्ये ते नाव लिही. तयार कोड देत नाही, दिला तर चिकटवून मोकळी होशील. चार ओळींचंच काम आहे.

आता नाव लिहायचं म्हणजे काय? तू कॅचमध्ये नुसतं एक्सेप्शन लिहिलंयस, म्हणजे येईल ते सगळं पकड. माझी ओळ वाचण्याची पद्धत घे, पण कॅच तसाच ठेव, आणि विंडोजवर कंट्रोल-झेड दाबून एंटर कर. इनपुट संपलं. आता नेक्स्टलाइन म्हणणार ‘ओळच नाही’ आणि नो-सच-एलिमेंट-एक्सेप्शन फेकणार. तुझा सर्वभक्षी कॅच तेही पकडणार, ‘चुकीचा आकडा’ छापणार, लूप वर जाणार, आणि पुन्हा ओळ नाहीच. धबधबा परत सुरू! कॅचमध्ये फक्त नंबर-फॉरमॅट लिहिलं असतं तर प्रोग्रॅम इथे पडला असता, आणि पडणंच बरोबर होतं. ज्या घटनेसाठी तुझ्याकडे काही उपाय नाही ती पकडून तू फक्त तिचं तोंड दाबतेस.

मेन पूर्ण ट्रायमध्ये घालायचा का, याचं उत्तर यातच आहे. ट्राय कुठे लावायचा ते आकड्यावर किंवा ओळीवर ठरत नाही. एक्सेप्शन ही खबर आहे, आणि ती ऐकून काहीतरी करू शकेल असा माणूस जिथे बसलाय तिथे कॅच लावायचा. सभासदाने आकडा चुकवला, तर परत विचारू शकणारा भाग म्हणजे तुझा इनपुटचा लूप. म्हणून ट्राय तिथे, आणि अगदी त्या एका वाचनापुरता. रक्कम काढणाऱ्या मेथडमध्ये, म्हणजे त्या कामाच्या वेगळ्या तुकड्यात, ट्राय नको, कारण तिला समोरचा माणूस दिसतच नाही. ती बिचारी काय करणार? फार तर शून्य परत देईल. असं शून्य देऊन चूक लपवणं हा सगळ्यात वाईट पर्याय का, ते आता माझ्या गोष्टीवरून बघ.

२००९ साली मी बेळगावात उद्यमबागच्या जवळ एका छोट्या ऑफिसात कामाला होतो. चिकोडीकडच्या एका डेअरीचं बिलाचं काम माझ्याकडे होतं. दूध तपासायचं यंत्र सकाळ-संध्याकाळ एक फाइल तयार करायचं, एका ओळीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट. माझा प्रोग्रॅम ती फाइल वाचून नोंदी घ्यायचा. पहिल्यांदा मी सगळा लूपच एका ट्रायमध्ये ठेवला होता. एका संध्याकाळी लाइट गेली, यंत्राने एका ओळीत फॅटची जागा रिकामी सोडली, आणि त्या ओळीपाशी एक्सेप्शन आलं. ट्राय लूपच्या बाहेर, म्हणजे उडी थेट लूपच्या बाहेर. त्या ओळीनंतरचे सगळे सभासद गायब. तासाभरात फोन आला, कारण निम्मं गाव गायब झाल्यावर कुणालाही दिसतंच.

मी हुशारी केली. ट्राय लूपच्या आत घेतला, म्हणजे वाईट ओळ तेवढी सुटेल आणि बाकीच्या येतील. आणि कॅच? कॅच रिकामा. दोन कंस, आत काही नाही. ‘नंतर लिहू की’ असं मनात होतं. डेअरीवाले खूश, मी खूश.

दहा दिवसांचं बिल निघालं. एक आजी कार्ड घेऊन डेअरीत आल्या. कार्डावर वीस वेळच्या नोंदी, बिलात अठरा. सेक्रेटरीने आधी त्यांनाच खोटं पाडलं, मग मला फोन केला. मीही आधी म्हटलं की कॉम्प्युटर चुकत नाही हो. मग चार दिवस मी हिशेबाची सूत्रं तपासत बसलो. सूत्रं बरोबरच होती. प्रोग्रॅमने कुठे तक्रार केली नव्हती, कारण तक्रार करायची जागा मीच बुजवली होती. ज्याचं दूध नेमकं लाइट जाताना यंत्रावर होतं त्याची ओळ शांतपणे वगळली जात होती. पहिली चूक मोठी होती म्हणून एका तासात सापडली. मी ती लहान केली आणि मग ती दहा दिवस लपली.

त्यानंतर मी बदल केला तो असा. वाईट ओळ आली तर ती तशीच्या तशी, ओळ क्रमांकासह आणि कारणासह, एका वेगळ्या यादीत जाते. फाइल संपल्यावर स्क्रीनवर आकडे येतात: आलेल्या ओळी इतक्या, घेतल्या इतक्या, बाजूला इतक्या. बाजूला शून्य नसेल तर ऑपरेटर कार्ड बघून हाताने भरतो, आणि त्याशिवाय बिल निघत नाही. इथे लूपच्या आत ट्राय बरोबर आहे, कारण एका ओळीची खबर घेऊन करण्यासारखं काहीतरी तिथे आहे. त्याच डेअरीत ऑपरेटरला मराठी बोलता यायची पण वाचायला कन्नड बरं पडायचं, म्हणून संदेश दोन्ही भाषांत दिला. हे सांगतोय कारण कॅचमध्ये बरेच जण जावाचाच इंग्रजी मजकूर छापतात. एका एक्सेप्शनचे वाचणारे दोन असतात. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याने आता काय करायचं तेवढंच सांग. आणि प्रोग्रॅमरसाठी अख्खा स्टॅक ट्रेस फाइलमध्ये जाऊ दे. दोघांना एकच मजकूर दिलास तर दोघांचंही काम होत नाही.

स्टॅक ट्रेसचं नाव काढलं तर तेही सांगतो, कारण लाल अक्षरं दिसली की तुमची पोरं खिडकी बंद करतात. लॅबमध्ये सर ओरडतात म्हणून असेल. ती लाल अक्षरं म्हणजे पत्ता असतो. सगळ्यात वरच्या ओळीत एक्सेप्शनचं नाव आणि कारण. त्याखाली कोणती मेथड कोणी बोलावली याची उतरंड, नुकतीच चाललेली सगळ्यात वर. वरून खाली येत जा, आणि तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथला ओळ क्रमांक बघ. दहातल्या आठ वेळा चूक तिथे किंवा तिच्या एक-दोन ओळी वर असते. खाली कुठे ‘कॉज्ड बाय’ दिसलं तर शेवटचं ‘कॉज्ड बाय’ आधी वाच, मूळ कारण तिथे असतं. म्हणूनच, एक एक्सेप्शन पकडून तू दुसरं फेकणार असशील तर जुनं त्याच्या आत द्यायला विसरू नकोस. नाहीतर ही साखळीच तुटते आणि माझ्यासारखे चार दिवस जातात.

नल-पॉइंटर-एक्सेप्शनला पूर्वी नुसता ओळ क्रमांक यायचा, नेमकं काय रिकामं होतं ते आपण ओळखायचं. जावा १४ मध्ये, २०२० साली, कोणती गोष्ट नल होती ते सांगणारा संदेश आला आणि १५ पासून तो आपोआप दिसतो. कॉलेजात अजून जावा ८ असेल तर घरच्या मशीनवर नवीन आवृत्ती टाकून बघ. शिकणाऱ्याला फार फरक पडतो.

आता पुस्तकातला तक्ता, पण तो पटकन उरकतो. सगळ्यांच्या वर थ्रोएबल, त्याखाली एरर आणि एक्सेप्शन. एरर म्हणजे मेमरी संपणं वगैरे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. एक्सेप्शनमधला रनटाइम-एक्सेप्शनचा घराणा वगळला तर उरलेली चेक्ड, म्हणजे कंपायलर तुझ्याकडून वदवून घेतो की तू पकडणार की थ्रोज लिहून वर पाठवणार. फाइल न सापडणं हे चेक्ड, कारण तुझा कोड कितीही चोख असला तरी फाइल नसू शकते. ॲरेच्या बाहेर जाणं किंवा नलवर मेथड बोलावणं हे रनटाइमचं, आणि ते बहुतेक वेळा तुझ्याच कोडमधली चूक असते. तिथे कॅच लावू नये, चूक दुरुस्त करावी. दुखतंय म्हणून गोळी घेऊन तुटलेल्या पायावर चालण्यातला प्रकार आहे तो.

ही विभागणी मात्र स्वच्छ नाही, आणि परीक्षेत ती जितकी स्वच्छ विचारतात तितकी तर नाहीच. नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन रनटाइमच्या घराण्यातलं, म्हणजे कंपायलर काही बोलणार नाही. पण ते येतं ते समोरच्या माणसाच्या टायपिंगमुळे, म्हणून ते पकडावंच लागतं. चेक्ड असावं की नसावं यावर जाणत्या लोकांतही एकमत नाही. जावानंतर आलेल्या सी-शार्पने आणि पुढे कोटलिनने चेक्ड प्रकार ठेवलाच नाही. मी लहान प्रोग्रॅममध्ये थ्रोज लिहून मेनपर्यंत वर पाठवायला हरकत घेत नाही. मोठ्या कामात संघाचा जो नियम असेल तो पाळतो. कंपायलर गप्प बसावा म्हणून रिकामा कॅच लिहिणं तेवढं कुठल्याच पंथात बसत नाही.

आणि ज्या चुकीला जावा काहीच फेकत नाही तिचं काय? हे पुस्तकात क्वचित येतं. फॅट ४.२ च्या जागी कुणी ४२ टाकलं तर पार्सडबल आनंदाने घेईल. लिटर उणे पाच, तेही घेईल. ‘४.२’ नंतर इंग्रजी एफ हे अक्षर लिहिलं तरी पार्सडबल तक्रार करत नाही, कारण जावात ती फ्लोट लिहायची रीत आहे. एका ऑपरेटरने फॅटचा एफ म्हणून तो खरंच लिहिलेला मी पाहिलाय, आणि काम झालेलंही! शून्याने भागाकार हे तर सगळ्यांचं लाडकं उदाहरण, पण अरिथमेटिक-एक्सेप्शन येतं ते पूर्णांकांना. सरासरी फॅट काढताना डबलमध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यांत, शून्याला शून्याने भागलंस तर काहीही न फेकता ‘एनएएन’ (हा आकडाच नाही) असं उत्तर मिळतं आणि ते बिलावर छापलं जातं. अशा ठिकाणी फेकायचं काम तुझं. रक्कम काढणाऱ्या मेथडच्या सुरुवातीलाच लिटर आणि फॅट पटण्यासारखे आहेत का ते तपास, नसतील तर काय आलं आणि काय चालतं ते संदेशात लिहून इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन थ्रो कर. ती मेथड फेकेल, इनपुटचा लूप पकडेल आणि परत विचारेल. फॅटची मर्यादा किती ठेवायची ते मात्र डेअरीत विचारून ठरव. गाईच्या आणि म्हशीच्या दुधाला एकच चाळण लावलीस तर म्हशीवाले भांडायला येतील.

आपल्या भागातली म्हणून एक गंमत. पार्सइंट देवनागरी आकडेही वाचतो आणि कन्नड आकडेही, कारण तो युनिकोडमधला कुठल्याही लिपीचा अंक ओळखतो. पार्सडबल मात्र फक्त इंग्रजी अंक घेतो, बाकीच्यांना नंबर-फॉरमॅट फेकतो. म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहिला तर तुझ्या प्रोग्रॅमचा सभासद क्रमांक बिनबोभाट जाईल आणि लिटरला अडेल. उलट, आकड्यामागची मोकळी जागा पार्सडबल खपवून घेतो, पार्सइंट घेत नाही. ट्रिम कर म्हटलं ते त्यासाठी. स्वल्पविराम दोघांनाही चालत नाही.

फायनलीबद्दल तू विचारलं नाहीस, पण व्हायव्हात विचारतील. काहीही झालं तरी चालणारा भाग, फाइल बंद करण्यासाठी. २०११ साली जावा ७ मध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं, तेव्हापासून फाइल बंद करायला मी फायनली जवळजवळ लिहिलेलंच नाही. ट्रायच्या कंसातच फाइल उघडायची, बंद ती आपोआप होते. फायनलीमध्ये रिटर्न लिहू नकोस, आलेलं एक्सेप्शन तो गिळून टाकतो. फायनलाइझ हा नावाने भाऊ वाटला तरी त्याचं याच्याशी नातं नाही, आणि २०१७ च्या जावा ९ पासून तो वापरू नका असंच सांगितलं जातं. कॅच एकाहून जास्त असतील तर लहान नातेवाईक आधी, मोठा नंतर. उलट लिहिलंस तर कंपायलरच अडवतो.

तर आज एवढं कर. मेनभोवती ट्राय घालू नकोस. एक वाचनाची मेथड लिही, जी ओळ वाचते, आकडा करते, आणि फक्त नंबर-फॉरमॅट पकडून परत विचारते. रकमेच्या मेथडमध्ये तपासणी आणि थ्रो, कॅच नाही; तिने फेकलेलं इल्लीगल-आर्ग्युमेंट तिला बोलावणारा इनपुटचा लूप पकडेल. मग तुझ्या वर्गातल्या कुणाला तरी तो मोडायला दे: अक्षरं, स्वल्पविराम, उणे आकडा, मराठी अंक, कंट्रोल-झेड. आणि नुसतं एंटर. जुन्या नेक्स्टइंटच्या प्रोग्रॅममध्ये नुसत्या एंटरला काहीच होत नाही, तो गप्प वाट बघत बसतो. नव्यात पार्सइंट आणि पार्सडबल दोघेही फेकतील, पण कारणाचा मजकूर दोघांचा वेगळा असेल. काय काय येतं ते बघून खाली लिही, मग पुढचं बोलू.